एकही चूक नसलेलं पत्र

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच हात दिसतो.

धुळ्यात आग्रा रोडवर दलिचंदशेठचं कापडाचं दुकान आणि दुकानावरच्या माडीतली ही मागची खोली. साल त्रेसष्ट. वैशाख सरत आलेला, दुपारचे तीन वाजलेले. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर नुकतंच पाणी मारलेलं. उजव्या अंगाला पाटावर बसून शेठाणी लाडकुंवरबाई मुगाची डाळ निवडताहेत. डाव्या अंगाला लाकडी खुर्चीत गिरधर मास्तर, काळी टोपी मांडीवर. मधोमध एक उतरतं मेज आणि मेजामागे गुलाबी घुंगट, पार छातीपर्यंत ओढलेला. त्या घुंगटाखालून एक हात बाहेर येतो, बांगड्या मागे सारतो, पेन उचलतो, कागदावर टेकवतो आणि थांबतो. काय लिहायचं ते मास्तर सांगतील तेव्हाच तो पुढे सरकेल.

हात प्रेमकुंवरचा. वय अठरा. माहेर जळगावचं, दाणाबाजारातल्या जवरीलालजींची थोरली मुलगी. लग्नाला एक वर्ष झालेलं, पण नवऱ्याबरोबर राहिली ती फक्त साडेतीन महिने.

गिरधर मास्तरांनी थांबणारी माणसं पुष्कळ पाहिली होती. शाळेत लागण्याआधी, तरुणपणी, सहा वर्षं ते एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहायचं, हातात वही धरायची आणि नट अडला की त्याच्यापुढे वाक्य सरकवायचं, प्रेक्षकांना कळू न देता. चाळीसगावच्या मुक्कामी कंपनी बुडाली. मास्तर धुळ्याला परतले, तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाले. एंट्रीसाठी खोळंबलेले नट कसे असतात ते त्यांना ठाऊक होतं. कोणी मिशी चाचपतो, कोणी पाणी मागतो, कोणी उगाच खोकतो. हा हात तसं काहीच करत नव्हता.

शिकवणीचं कारण असं झालं. शेठचा एकुलता एक मुलगा ज्ञानचंद कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला विलायतेला गेला, लीड्स नावाच्या गावी. त्या घरातून समुद्र ओलांडणारा तो पहिलाच. चार महिन्यांनी त्याचं बापाला पत्र आलं. पत्रात लिहिलं होतं की इथे शेजारपाजार इंग्रजांचा, दुकानं इंग्रजांची. प्रेमकुंवर आली तर दिवसभर भिंतींशी बोलत बसेल. तिला इंग्रजी शिकवा. ती दर महिन्याला मला इंग्रजीत पत्र लिहू दे. पत्र तिचं तिनेच लिहायचं, आधी कोणाकडून तपासून घ्यायचं नाही. चुका मी दाखवीन. ज्या दिवशी एकही चूक नसलेलं पत्र येईल, त्या दिवशी तिकीट पाठवीन.

तो दुष्ट होता असं कोणी म्हणू नये. तेवीस वर्षांचा मुलगा, परक्या थंडीत एकटा. बायकोची लाज वाटू नये एवढीच त्याची धडपड असेल. आणि तिला तर ही अट मनापासून आवडली. सासरी आल्यापासून तिच्याकडून काय हवंय ते इतक्या स्वच्छ शब्दांत कोणी सांगितलंच नव्हतं.

तिचं पहिलं पत्र दोन महिन्यांनी परत आलं. तेच पत्र, तोच कागद, वर लाल शाईच्या रेघा. खाली एका गोलात आकडा होता, एक्केचाळीस. दुसरा एक शब्द नाही.

"एक्केचाळीस," घुंगटातून आवाज आला. मास्तरांनी ऐकलेलं तिचं मोठ्याने बोललेलं पहिलं वाक्य ते. "मास्तरजी, पूर्ण एक्केचाळीस. म्हणजे त्यांनी एकेक शब्द वाचला ना जी?"

मास्तरांनी तीस वर्षांत हजारो वह्या तपासल्या. लाल शाईकडे असं पाहणारं पोर त्यांना भेटलं नव्हतं.

त्या घराची एक रीत होती. टपाल येई ते खाली दुकानात. पत्र कोणाच्याही नावाचं असो, फोडायचं शेठनीच. पाकीट गादीवरच राही आणि आतला कागद तेवढा माडीवर जाई. लीड्सहून आलेल्या पाकिटांवरची राणीच्या चेहऱ्याची तिकिटं शेठ मास्तरांसाठी ठेवून देत, कारण मास्तरांना तिकिटं जमवण्याचा नाद होता. शिकवणी संपली की मास्तर जिना उतरत, दुकानाच्या पायरीवर बसून ताक पीत, आणि शेठ गादीखालून पाकीट काढून म्हणत, "घ्या मास्तर, तुमची राणी." प्रेमकुंवरने मात्र इतक्या वर्षांत एकही पाकीट पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी तिने विचारलं, "मास्तरजी, मी तुमची वाट पाहते, असं दर पत्रात लिहिते. तेच तेच. दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येतं का?"

मास्तर खूश झाले. त्यांच्याकडे एक उभी, लाल पुठ्ठ्याची वही होती. जन्मभर वाचलेले इंग्रजी वाक्प्रचार त्यांनी तीत विषयवार उतरवून ठेवले होते. रागाचे एका पानावर, पैशाचे एका पानावर. त्यात एक पान धीराचं होतं, आणि त्याच्या पाठीमागचं पान धीर सुटल्याचं. मास्तरांनी धीराचं पान काढलं आणि बोटाने दाबून धरलं.

"हे बघा बाई. 'होल्ड युवर हॉर्सेस.' म्हणजे आपले घोडे आवरून धरा. जरा थांबा."

"कोणाचे घोडे?" लाडकुंवरबाईंनी डाळीतून मान वर केली.

"कोणाचेच नाहीत, शेठाणी. बोलायची रीत."

"आणि हे पुढचं?" घुंगटातून प्रश्न आला.

"'कीप युवर शर्ट ऑन.' अंगातला सदरा अंगातच राहू द्या. म्हणजे उतावीळ होऊ नका."

"अगो बाई! तिथल्या थंडीत सदरा काढतो कोण?" शेठाणी म्हणाल्या, आणि घुंगट गदगदा हलला. मास्तरांनी तिला हसताना पाहिलं ते असं, न पाहता.

चार दिवसांनी दुकानासमोर गठ्ठे उतरवताना झुलाल हमाल घाई करू लागला, तेव्हा माडीच्या कठड्यावरून लाडकुंवरबाई कडाडल्या, "होल्ड युवर हॉर्सेस!"

झुलालने पाठीवरचा गठ्ठा तसाच धरून वर पाहिलं. "घोडा कोठे शे, माय? आठे तं मी एकलाच शे!"

सगळा आग्रा रोड हसला. शेठाणींना ते इतकं आवडलं की त्या दुधवाल्यालाही घोडे आवरायला सांगू लागल्या.

प्रेमकुंवरने मात्र ते पान गंभीरपणे घेतलं. एकेका पत्रात एकेक वाक्प्रचार. योग्य वेळेची वाट पाहत बसून राहणं म्हणजे 'बाइड युवर टाइम'. जागा न सोडता घट्ट बसणं म्हणजे 'सिट टाइट'. दुसऱ्याने ताटकळत ठेवलं असेल तर आपण टाचा थंड करत बसलो आहोत असं म्हणायचं. "धुळ्यात, मे महिन्यात?" तिने विचारलं होतं, आणि मास्तर स्वतःच हसत सुटले होते. एका पत्रात तिने मोठ्या हौसेने लिहिलं की मी इथे माझे घोडे आवरून बसले आहे. नवऱ्याने त्या वाक्यावर आडवी लाल रेघ मारून समासात लिहिलं की असं स्वतःबद्दल म्हणत नाहीत. तिने ते पत्र सात वेळा वाचलं. समासात पाच-सहा शब्द होते. एवढे शब्द त्याने आधी कधी लिहिले नव्हते.

आकडे उतरत गेले. एक्केचाळीसचे तीस झाले, तिसाचे बावीस, मग मध्येच एकोणतीस. त्या एकोणतिसाच्या दिवशी ती जेवली नाही. पासष्ट साली चौदा. सदुसष्ट साली नऊ. उत्तरं यायला पूर्वी दोन महिने लागत, मग तीन लागू लागले, मग चार. अभ्यास वाढला असेल, मास्तर म्हणत. नोकरी लागली असेल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या पोरी झोक्यावर चढून गाणी म्हणत, सासुरवाशिणी माहेरी येत, आणि प्रेमकुंवर माडीवर बसून 'कांदा-लसूण चालत नाही' हे दुकानदाराला इंग्रजीत नम्रपणे कसं सांगायचं ते घोकत असे. 'यात अंडं आहे का?' हे तिने अकरा तऱ्हांनी लिहून ठेवलं होतं.

जळगावहून बाप न्यायला आला तरी ती दोन दिवसांच्या वर राहत नसे. "मागे पत्र आलं तर?" म्हणे.

एकोणसत्तर साली आकडा झाला दोन.

दोन! मास्तरांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं. सुगंधाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्या पारोळ्याकडच्या, जन्मभर अहिराणीच बोलल्या. "दोन राह्यन्यात?" त्या म्हणाल्या. "मंग तो तिले अशीच का बलावस नही? दोन चुका सांभाळी लेवाव नही का नवरा?"

हे विचारायचं मास्तरांना कधी सुचलं नव्हतं.

आणि सत्तर सालच्या श्रावणात ते पत्र आलं.

मास्तर जिना चढून आले तेव्हा मेजामागे कोणी नव्हतं. प्रेमकुंवर खोलीच्या मधोमध उभी होती आणि घुंगट कपाळापर्यंत मागे गेला होता. मास्तरांनी सात वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला. गव्हाळ रंग, हनुवटीवर गोंदणाचा ठिपका, डोळ्यांखाली सात वर्षांची काळी वर्तुळं. तिने कागद पुढे केला.

कागद तिचाच. तिचंच अक्षर, निळ्या शाईतलं, चार पानं. लाल रेघ एकही नव्हती. खाली गोलही नव्हता.

"एकही नाही," ती म्हणाली. "मास्तरजी, एकही नाही. मी तीनदा पाहिलं. उजेडात धरून पाहिलं."

मास्तरांनी चष्मा लावला. पुसला. पुन्हा लावला. चारी पानं वाचली आणि खरंच, त्यांनाही चूक सापडली नाही. शेवटच्या ओळीत तिने लिहिलं होतं, 'ऑल इन गुड टाइम'. सगळं आपापल्या वेळी होईल. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. लाडकुंवरबाई आतून शिऱ्याची वाटी घेऊन आल्या. वर तूप तरंगत होतं. "खा मास्तर, तुमची पोर पास झाली," असं म्हणून त्यांनीही पदर डोळ्यांना लावला. "आता होल्ड युवर हॉर्सेस नको. आता घोडे सोडा!"

इथे पडदा पडला असता तर किती बरं झालं असतं.

मास्तर जिना उतरले. जीभ तुपाने गोड, छाती भरलेली. दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाले, "शेठ, आजची राणी मी चौकटीत लावणार."

दलिचंदशेठ हसले नाहीत. त्यांनी मुनीमजींना कोपऱ्यावरून सुपारी आणायला पाठवलं. झुलालला आतले तागे लावायला सांगितलं. मग गादीखाली हात घातला आणि पाकीट बाहेर काढलं.

पाकिटावर राणी नव्हती. पाकीट भारताचं होतं, तिकिटं भारताची होती, पत्ता प्रेमकुंवरच्या हातचा होता. त्या पत्त्यावर आडवी काट मारलेली आणि बाजूला जांभळ्या शिक्क्यात एक पंजा उमटलेला, बोट उलटं, आलं तिकडे परत जा म्हणून दाखवणारं. खाली दोन ओळी इंग्रजीत.

"वाचा," शेठ म्हणाले. "मला येत नाही. पण कळलं."

मास्तरांनी वाचलं. या नावाचा माणूस आता या पत्त्यावर राहत नाही.

"पाकीट कोणी उघडलंच नव्हतं," शेठ म्हणाले. "मी फोडलं. सवयीने कागद काढून वर पाठवला. विचारच केला नाही. वरून ओरडा ऐकला, हसणं ऐकलं, तेव्हा लक्षात आलं की काय केलं मी."

"पत्ता बदलला असेल, शेठ. नवा पत्ता येईल."

दलिचंदशेठनी मान हलवली. छातीच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. ज्ञानचंदचा, होळीच्या आसपास आलेला. मास्तरांना वाचायला दिला नाही, तोंडानेच सांगितलं. मी इथेच घर केलं आहे. इथलीच बाई आहे. एक मुलगी झाली. तिकडच्या पत्रांना उत्तर देणं आता मला जमत नाही. प्रेमकुंवरला तुम्ही सांगा.

"होळीपासून माझ्या खिशात आहे," शेठ म्हणाले. "रोज जिना चढतो, रोज सांगायचं ठरवतो. ती पाणी आणून ठेवते आणि मी पाणी पिऊन खाली येतो. मास्तर, सांगितलं तर ती जाईल कुठे? जवरीलालजींच्या घरी अजून तीन पोरी उजवायच्या आहेत. टाकलेली थोरली मुलगी दारात उभी राहिली तर त्या तिघींना कोण विचारील? आज सात वर्षांनी ती हसली. राहू द्या. थोडे दिवस राहू द्या. मी हात जोडतो."

त्यांनी खरंच हात जोडले. साठीचा, भरल्या बाजारात वजन असलेला माणूस, स्वतःच्या गादीवर बसून. आणि गिरधर मास्तरांनी, देव त्यांना क्षमा करो, ते जोडलेले हात खाली केले आणि म्हणाले, "बरं."

घरी सुगंधाबाईंनी ऐकून घेतलं. चूल विझवली. मग म्हणाल्या, "तिले सांगी टाका. आजच. तिनं बठ्ठं आयुष्य वाट दखामा चाली जाई, आनि ते पाप तुमना शेठनं नही, तुमनं शे."

"सांगेन," मास्तर म्हणाले. "योग्य वेळ येऊ दे."

धीराच्या पानावरचंच वाक्य त्यांच्या तोंडून निघालं होतं. त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

प्रेमकुंवरने तयारी सुरू केली. दुकानातलं जाड लोकरीचं काळं कापड घेऊन छगन शिंप्याकडून पायघोळ कोट शिवून घेतला. ऑक्टोबरच्या उकाड्यात तो घालून ती खोलीत फेऱ्या मारी, घामाने चिंब होई, आणि म्हणे, "सवय करते जी." पत्र्याची ट्रंक आणली, तीवर पांढऱ्या रंगाने नाव आणि लीड्स घालून घेतलं. त्या इंग्रजी अक्षरांसाठी रंगाऱ्यापाशी मास्तर स्वतः उभे राहिले होते.

"तिकीट कधी येईल, मास्तरजी?"

"ऑल इन गुड टाइम, बाई."

"बोटीचं असेल की विमानाचं?"

"सिट टाइट."

कंपनीच्या काळात एकदा असं झालं होतं. मुख्य नट दारू पिऊन स्टेशनवरच पडला होता, तो येणार नाही हे विंगेत सगळ्यांना कळलं होतं, आणि तरी रंगमंचावर नायिका त्याची वाट पाहण्याचं भाषण करत होती. गिरधरने विंगेतून तिला तेच भाषण पुन्हा पुरवलं. पुन्हा. तिसऱ्यांदा. ती बिचारी घामाघूम होऊन म्हणत राहिली. शेवटी मॅनेजरने पडदा पाडला. आता इथे मॅनेजर कोणी नव्हता. मास्तर रोज दुपारी तीन वाजता येत आणि वाक्यं पुरवत.

पाच महिने तिकीट आलं नाही. तिने विचारणारं पत्र लिहिलं. ते एकाहत्तरच्या उन्हाळ्यात परत आलं. शेठनी पाकीट फोडलं, कागद वर पाठवला. लाल रेघ नाही.

"पुन्हा एकही चूक नाही," ती म्हणाली. पण या वेळी घुंगट छातीपर्यंत होता, आणि शिरा झाला नाही. त्या दिवशी तिने मास्तरांना काहीच विचारलं नाही. तास संपल्यावर म्हणाली, "या महिन्याचं पत्र मी जरा निराळं लिहिणार आहे."

ते पत्र जुलैत गेलं. मास्तरांनी पाहिलं नाही. पाहायचं नाही ही तर अटच होती. पाकीट शेठनी टपालात टाकलं. मुलगा कुठे आहे ते बापाला माहीत नव्हतं, तरी जुन्याच पत्त्यावर पाकीट जात राहिलं. न पाठवलं तर विचारील, म्हणून.

नंतर डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई झाली. दोन आठवडे गावात रात्रीचे दिवे झाकलेले, खिडक्यांना काळे कागद. टपाल खोळंबलं. बहात्तरच्या फेब्रुवारीत एके दुपारी मास्तर जिना चढले. रंगमंच तोच. वाळ्याचा पडदा गुंडाळून ठेवलेला, थंडी संपत आलेली. लाडकुंवरबाई पाटावर, मांडीवर डाळीचं ताट. मेजावर परत आलेल्या पत्राच्या चार-सहा पानांची चळत आणि तिच्याशेजारी एक नवी शाईची दौत. शाई लाल.

प्रेमकुंवर मेजामागे नव्हती. ती मास्तरांच्या खुर्चीच्या बाजूला उभी होती, डोक्यावर पदर, तोंड उघडं.

"बसा मास्तरजी. हे तपासा."

मास्तर मेजामागे बसले. तिच्या जागेवर. वरचा कागद उचलला आणि पहिल्याच ओळीत अडखळले. क्रियापद चुकलेलं. पुढे काळ चुकलेला. त्याच्या पुढे स्पेलिंग असं की तिसरीतल्या पोराला छडी बसावी. त्यांना वाटलं, हिला झालंय काय? आणि मग चौथ्या ओळीला त्यांना ओळख पटली. ही वाक्यं त्यांनी वाचली होती.

"हे तुमचं पहिलं पत्र आहे," मास्तर म्हणाले.

"हो जी. पहिलं पत्र ट्रंकेत होतं. ते समोर ठेवून उतरवलं. शब्दाला शब्द. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चुका." तिचा आवाज सपाट होता, धडा म्हणून दाखवावा तसा. "नऊ वर्षांपूर्वी त्यांना सगळ्या दिसल्या होत्या. या वेळी एकही दिसली नाही."

डाळीच्या ताटातला हात थांबला. "बीनणी, काय बोलतेस?" लाडकुंवरबाई सुनेला म्हणाल्या. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. आपल्या नवऱ्याच्या खिशात दोन वर्षं काय आहे, ते त्या माउलीलाही कोणी सांगितलं नव्हतं.

"ते वाचतच नाहीत, सासूजी. कधीपासून वाचत नाहीत, ते मास्तरजी सांगतील."

मास्तर खाली पाहत होते. समोर लाल शाई, हातात कागद. इतकी वर्षं विंगेत काढलेला माणूस आज प्रकाशात बसला होता आणि त्याला एकही वाक्य आठवत नव्हतं.

"ससराजींना माहीत आहे?"

"हो."

"तुम्हाला?"

मास्तरांनी मान हलवली.

"कधीपासून?"

"शिरा खाल्ला त्या दिवसापासून."

लाडकुंवरबाईंच्या मांडीवरून ताट कलंडलं. डाळ सबंध फरशीभर पसरली. त्या उठल्या, जिन्याच्या तोंडाशी गेल्या, खाली दुकानाकडे पाहिलं. कठडा धरून तिथेच खाली बसल्या.

प्रेमकुंवरने फरशीवरची डाळ गोळा केली. सगळी. एकेक दाणा. मग ताट सासूपाशी ठेवून ती मेजापाशी आली आणि तिने लाल शाईची दौत उघडून मास्तरांपुढे सरकवली. मास्तरांनी पेन बुडवलं. का, ते त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही. पण त्यांनी त्या पत्रातल्या चुका काढल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि खाली गोल करून आकडा घातला. ती शेजारी उभी राहून प्रत्येक रेघ पाहत होती.

ती शिकवणी त्या दिवशी संपली. काळा कोट निंबाचा पाला घालून ट्रंकेत गेला. ट्रंकेवरचं गावाचं नाव तिने खरवडलं नाही; ट्रंक माळ्यावर गेली, एवढंच. जळगावला ती गेली नाही, आणि धाकट्या तिघींची लग्नं झाली. त्या घरात ती राहिली, डाळ निवडू लागली, सासूचे गुडघे धरल्यावर स्वयंपाकही तिच्याकडे आला. दुपारी तीन वाजता मागची खोली बंद असे. दलिचंदशेठ वर्षभरातच अंथरुणाला खिळले. त्यांना पाणी तीच पाजत असे, आणि ते तिच्याकडे न पाहता पीत. मास्तर मरेपर्यंत, म्हणजे अठ्ठ्याहत्तरपर्यंत, आग्रा रोडवरून जाणं टाळत राहिले. दोनदा ती साधूंच्या दर्शनाला स्थानकात जाताना समोर आली. घुंगट खाली होता. दोन्ही वेळा मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली, आणि दोन्ही वेळा ती थांबली नाही.

म्हणून त्यांच्यापाशी उरलं ते त्या दुपारचं, जिन्यावर ऐकलेलं बोलणं. मास्तर आकडा घालून उठले होते. टोपी घातली, लाल पुठ्ठ्याची वही काखेत मारली. लाडकुंवरबाईंना ओलांडून जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले, तेव्हा मागून आवाज आला. रडवेला नाही, रागाचाही नाही. शंका विचारणाऱ्या विद्यार्थिनीचा, नऊ वर्षं रोज ऐकलेला.

"मास्तरजी, धीर धरा म्हणून सांगायला तुम्ही मला एवढे शब्द शिकवलेत. धीर संपला म्हणायलाही त्यांच्यात एखादा असेलच ना? तो का नाही शिकवला?"